कागद नुसता बघू नका, वाचा आणि जपा

धार-देवासच्या आठवणी लिहायला घेतल्या की वाडे येतात, गणपती येतो, माळव्यातली थंडी येते. पण ट्रंकेतल्या कागदांबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. आज थोडं त्यांच्याबद्दल आणि त्यांच्या नव्या अवताराबद्दल. माझं मत आधीच सांगून टाकते: सरकारी वेबसाइटवर आपला कागद दिसला की काम झालं, ही समजूत पुढे महागात पडणार आहे. तो कागद घरातल्या मोठ्या माणसांना शेजारी बसवून वाचायला हवा, नीट सेव्ह करायला हवा आणि छापूनही ठेवायला हवा.

मोठी माणसं कशाला? कारण आपल्या नावांचा प्रवास फक्त त्यांनाच ठाऊक आहे. आपल्या घरांतले कितीतरी जुने कागद मोडीत. १९४८ साली धार आणि देवासच्या थोरल्या-धाकट्या दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या, १९५६ साली मध्य प्रदेश झाला, आणि सरकारी कागद हिंदीत आले. तिथे आपला ‘ळ’ हरवला. काळे होते ते ‘काले’ झाले, पळशीकरांचे ‘पलशीकर’. पुढे तेच नाव इंग्रजीत जाऊन परत नागरीत आलं की काय होईल, सांगता येत नाही!

बायकांचं तर विचारूच नका. आपल्यात लग्नात नाव बदलायची पद्धत. माहेरची कमल सासरी सुमती होते. शाळेचा दाखला कमलचा, शेताची नोंद सुमतीची. कॉम्प्युटरच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. त्या एकच आहेत हे सांगणाऱ्या आत्या, काकू, मावश्या आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्या गेल्यावर हेच पटवून द्यायला शपथपत्रं आणि तहसिलीचे हेलपाटे!

जमिनीचंच उदाहरण घ्या. मध्य प्रदेशच्या भू-अभिलेख पोर्टलवर जिल्हा, तहसील आणि गाव निवडलं की खसरा, बी-१ आणि नकाशा घरबसल्या बघता येतो. खसऱ्यात त्या एका नंबराच्या जमिनीची माहिती असते, तर बी-१ मध्ये एका खातेदाराचे सगळे नंबर एकत्र. बदनावर किंवा सोनकच्छकडची शेती आज पुण्या-बंगळूरला बसलेला नातू रात्री बारा वाजता बघू शकतो. ही सोय मोठीच आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण नातू क्षेत्रफळ बघतो आणि पान बंद करतो. खातेदार म्हणून अजून पणजोबांचंच नाव आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही. माणूस गेल्यावर जमीन आपोआप वारसांच्या नावावर चढत नाही बरं का. त्यासाठी १९५९ च्या भू-राजस्व संहितेप्रमाणे नामांतरण करून घ्यावं लागतं.

आता सेव्ह करण्याबद्दल. स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला की तो पुसट होतो, आकडे वाचता येत नाहीत. त्यापेक्षा पीडीएफ उतरवून घ्या. डाउनलोडचं बटण नसेल तर ‘प्रिंट’मध्ये जाऊन ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ निवडा. पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि फाइलला नाव द्या हो! ‘डाउनलोड सात’ कोणाला सापडणार? गाव, खसरा नंबर आणि तारीख लिहा. कारण तो कागद त्या दिवसापुरती स्थिती दाखवतो. नुसतं बघायला मिळतं ते पान माहितीपुरतं असतं. कामाला लागते ती फी भरून मिळणारी प्रमाणित प्रत. नकाशा छापताना तो ‘पानात बसवा’ केला की प्रमाण बदलतं, तेव्हा मूळ आकारातच छापा. कियोस्कवरून प्रिंट काढलीत तर दुकानाच्या कॉम्प्युटरमधली आपली फाइल पुसूनच उठा.

“अहो काकू, सगळं मोबाइलमध्ये आहे, कागद कशाला?” असं मुलं म्हणतात. त्यांचंही अर्धं खरं आहे. २०१५ साली डिजिलॉकर आलं. त्यात सरकारी खात्यांकडून थेट येणारी कागदपत्रं कायद्यानं मूळ कागदाइतकीच मान्य आहेत. डिजिटल सही तपासता येते तीही फाइलमध्येच. छापलं की ती नुसती शाई. म्हणजे पूर्वी कागद अस्सल आणि बाकी नक्कल होती, आता फाइल अस्सल आणि कागद नक्कल. म्हणून फाइल जपायचीच. पण ती एका माणसाच्या मोबाइल नंबराला बांधलेली असते. तो माणूस दवाखान्यात असला तर ओटीपी कोण सांगणार? मागे काय काय आहे, हे घरच्यांना कळणार कसं? तेव्हा कपाटातली छापील पानंच सांगतात की अमुक गावी अमुक नंबर आहे, शोधा. फाइलची एक प्रत दुसऱ्या कोणाकडे आणि एक छापील कपाटात, एवढं तरी हवंच. ज्या देवासला देशाच्या नोटा छापतात, तिथल्या माणसांना चार पानं छापायचा कंटाळा शोभत नाही!

दिवाळीला मुलं घरी येतात तेव्हा एक दुपार यासाठी काढा. मुलांनी पान उघडायचं, मोठ्यांनी मोठ्यानं वाचायचं, आणि चुकलेलं दिसेल तिथे पेन्सिलीनं खूण करायची. मोडी वाचणारे आजोबा गेले आणि ट्रंकेतले कागद मुके झाले, हे आपण बहुतेक घरांत पाहिलंय. हिंदीतली पीडीएफ नातवाला वाचता येते, पण “हे नाव आपलं नाही” किंवा “ही आपलीच सुमती” हे आत्याच सांगू शकते. तिची दृष्टी आणि आठवण शाबूत आहे तोवर तिच्यासमोर ते पान ठेवा.