टाकी काय आहे मग?

आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी तिसऱ्याच उन्हाळ्यात बसली. नव्या बॅटरीचा भाव ऐकून भाचा म्हणाला, "मामू, बॅटरी हवीच कशाला? जिन्याच्या मोकळ्या जागेत मोठं वजन टांगू. दिवसा सोलरवर वर खेचू, रात्री सोडू. उतरताना ते डायनामो फिरवील."

कल्पना खोटी नाही. आपल्याच राज्यात घाटघरला मागणी कमी असताना खालच्या धरणातले पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की खाली सोडून 250 मेगावॉटपर्यंत वीज काढतात. मग घरात का नको? आम्ही वही काढली.

एक टन वजन 10 मीटर, म्हणजे साधारण तीन मजले, वर नेले तर 98 हजार ज्यूल ऊर्जा साठते. आकडा मोठा वाटतो, पण विजेच्या एका युनिटात 36 लाख ज्यूल असतात. म्हणजे एका युनिटसाठी जवळजवळ 37 टन वजन तीन मजले चढवायचे! आमची 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची बॅटरी कागदोपत्री 1.8 युनिट धरते. तिच्या बरोबरीला 66 टन लागतील. घाटघरला जमते, कारण तिथे पाणी लाखो टन आणि उतार शेकडो मीटरचा.

भाचा हिरमुसला. "म्हणजे वर चढवलेलं वजन घराच्या कामाचंच नाही?"

आमच्या अम्मींनी छताकडे बोट दाखवले, "टाकी काय आहे मग?"

खरेच की! हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजनच. त्यातून वीज काढू गेलो तर 9 वॉटचा एक बल्ब जेमतेम तीन तास जळेल, तोही काहीच वाया न गेल्यास. पण तेच पाणी पाणी म्हणून वापरले तर सहेरीला लाइट गेली तरी वुजू, भांडी, नहाणे सगळे निभते.

बॅटरी आम्ही घेतलीच, पण तिच्यावर फक्त पंखे आणि दिवे. टाकी मात्र आता लाइट असतानाच भरून ठेवतो. गळका नळही दुरुस्त केला, कारण गळणारा प्रत्येक थेंब विकतच्या विजेने वर चढलेला असतो.

उद्या कोणी तुमच्या दारी "वजनावर फुकट वीज" देणारे यंत्र विकायला आला, तर वजन आणि उंची विचारा. किलो गुणिले मीटर, भागिले 3 लाख 67 हजार. येतील तेवढीच युनिटे, तीही फार तर. पैसे त्यानंतरच मोजा.