‘काही नाही, बसलेय जरा शिवत!’

गणपती गेले, गौरी गेल्या, की पावसाचाही पाय निघतो. मधूनच एखादी जोराची सर येते, पण तिच्या मागोमाग लख्ख ऊन पडतं. भिंतींची ओल ओसरते, कपाटातले कपडे बाहेर येतात, अंथरुणं-पांघरुणं गच्चीवर जातात. शहरात राहणाऱ्या आपल्याला हे दिवस ‘ऑक्टोबर हीट’ एवढ्याच नावाने ठाऊक. पण विक्रमगडहून घाट चढून जव्हारला आणि तिथून पुढे मोखाड्याला गेलं, तर या भाद्रपद-आश्विनाचं एक वेगळंच, निवांत रूप दिसतं.

तिथे भाताची आवणी कधीच झालेली असते. बेणणीही उरकलेली असते. भात निसवतंय, नागलीची कणसं भरतायत, उतारावर खुरासणीची पिवळी फुलं डोलतायत. कापणीला अजून थोडा अवकाश आहे. विहिरी भरलेल्या, ओहोळ वाहते. वर्षभर पायाला भिंगरी लावून फिरणाऱ्या बाईला याच तीन-चार आठवड्यांत दुपारी ओटीवर बसायला मिळतं. आणि बसली तरी हात रिकामे कुठले? पुढ्यात गोधडी असतेच!

गोधडी हा शब्द उच्चारला तरी आपल्यापैकी प्रत्येकीला आपली आजी आठवते. विरलेलं लुगडं, आईची जुनी साडी, मुलाचा तोकडा झालेला सदरा, बाह्या फाटलेली कुडती... सारं धुऊन, उन्हात वाळवून, थरावर थर अंथरायचं. सुरकुती राहू नये म्हणून तळहाताने सारखं करायचं. कोपऱ्यांवर दगड नाहीतर तांब्या ठेवायचा. आधी कडेने मोठे टाके घालून थर पक्के करायचे आणि मग धावदोरा. ओळीला ओळ लागून, बोटभर अंतर ठेवून. एकटीने शिवायची तर किती दुपारी जातील! म्हणून शेजारीण येते, जाऊ येते, समोरासमोर बसून दोघी-तिघी शिवतात. बोलणं चालू, हात चालू. कुठला तुकडा कुठे लावायचा यावर थोडा वादही होतो. लाल काठ मध्ये घ्यायचा की कडेला? हा काही पोटापाण्याचा प्रश्न नाही. पण तो प्रश्न पडण्याइतकी सवड मिळणं, ही केवढी चैन!

आणि अशा वेळी कुणी ओटीशी थांबून विचारलं, ‘काय चाललंय बाय?’ तर उत्तर ठरलेलं. ‘काही नाही, बसलेय जरा शिवत!’

मैत्रिणींनो, आजचं हे पान त्या ‘काही नाही’बद्दल आहे.

त्याआधी जरा ओटीसमोरच्या परसात डोकावू. या दिवसांत परसबागेत पक्ष्यांची नुसती वर्दळ असते. वेलांच्या पानाआडून ‘टुविट टुविट’ असा एका चिमुकल्या पक्ष्याचा भलामोठा आवाज येतो. हा शिंपी. मुठीत मावेल एवढा जीव, पाठ हिरवट, डोक्यावर तांबूस टोपी, शेपटी वर उभारलेली. एखादं रुंद पान निवडायचं, त्याच्या कडांना चोचीने भोकं पाडायची, कोळ्याच्या जाळ्याचा, कापसाचा नाहीतर झाडाच्या तंतूचा दोरा त्यातून ओवायचा. बाहेर आलेलं टोक पिंजून फुगतं, त्यामुळे टाका निसटत नाही. पान जिवंतच राहतं, हिरवंच दिसतं, म्हणून आत घरटं आहे हे जवळ उभं राहूनही पटकन कळत नाही. आता गंमत बघा. हे घरटं शिवण्याचं काम मुख्यत्वे मादी करते. आपण मात्र त्या पक्ष्याला नाव दिलं ‘शिंपी’!

उलट, विहिरीवरच्या बाभळीला नाहीतर शिंदीला लोंबणारे खोपे आपण ‘सुगरणी’चे म्हणतो. बहिणाबाईंनी तिच्यावर लिहिलेलं गाणं आपण सगळ्याच शाळेत शिकलो. पण खोपा विणतो तो नर. भाताच्या, गवताच्या पानांच्या बारीक पट्ट्या काढून तो अर्धा खोपा विणतो. मग मादी येते, आतून-बाहेरून निरखते. पसंत पडला तर नर तो पूर्ण करतो, नाहीतर बिचाऱ्याची मेहनत फुकट. डॉ. सालिम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला खोप्यांचं रोज निरीक्षण करून हा संसार उलगडला. एक नर एका मादीत खोपा पसंत झाला, की पुढचा खोपा विणायला घेतो आणि दुसरा संसार मांडतो, हेही त्यांनी तिथेच टिपलं.

म्हणजे शिवणारी ‘ती’, तर नाव ‘शिंपी’. विणणारा ‘तो’, तर नाव ‘सुगरण’. यात भाषेने मुद्दाम काही केलं असं मुळीच नाही. शिवण हा बाजारातला धंदा झाला, की तो शिंप्याचा. घरातली हातोटी असली, की ती सुगरणीची. पक्ष्यांना नावं देताना आपण आपलंच घर आणि आपलाच बाजार त्यांच्यावर चढवला, इतकंच.

पण पक्ष्यांना नावाने काही फरक पडत नाही. आपल्याला पडतो!

आपल्या देशात रोजगाराची सरकारी पाहणी होते, तेव्हा प्रत्येक माणसाच्या कामापुढे एक आकडा लिहितात. फक्त घरकाम करणारी बाई म्हणजे ९२. घरकाम करून शिवाय घरासाठी भाजीपाला, कंदमुळं, सरपण, चारा गोळा करणारी, शिवण-विणकाम करणारी बाई म्हणजे ९३. हे दोन्ही आकडे मोडतात ते ‘श्रमशक्तीबाहेर’ या रकान्यात. म्हणजे ओटीवर गोधडी शिवणारी, सकाळी रानातून कुर्डू खुडून आणणारी, संध्याकाळी सरपणाची मोळी डोक्यावरून आणणारी आपली बाई सरकारदरबारी ९३ नंबरची, आणि काम न करणाऱ्यांतली! गंमत म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी १९९३ साली देशांच्या हिशेबाचे जे नियम सुधारले, त्यांत घरच्या वापरासाठी घरात बनवलेल्या वस्तूही ‘उत्पादन’च धरल्या आहेत. नियमाने गोधडी मोजायची, आणि ती शिवणारी मात्र कामकरी नाही. हा कुठला न्याय?

२०२४ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची २८९ मिनिटं त्यात जातात, घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ८८. जवळजवळ पाच तास विरुद्ध दीड तास. आकडे वाचून आपल्याला धक्का बसत नाही, कारण ते आपल्याला घड्याळ न बघताही ठाऊक होते.

घरातल्या या हातकामाचं बाजारात काय होतं, याचं उदाहरण याच जिल्ह्यात आहे. वारली चित्रं आज साड्यांवर, कपबशांवर, विमानतळांच्या भिंतींवर दिसतात. मुळात लग्नघरी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघाट देवीचा चौक लिहीत त्या सवाष्णी. सत्तरच्या दशकात डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणली, त्यात स्वतःची प्रतिभा ओतली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते थोर कलावंत होतेच, त्यांच्या मानाचा एक कणही कमी करायचा नाही. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. पण पिढ्यानपिढ्या चौक लिहिणाऱ्या त्या सवाष्णींपैकी किती जणींची नावं आपल्याला सांगता येतील? भिंत पुन्हा सारवली, की चित्र गेलं. गोधडी विरली, की टाके गेले.

परसबागेचंही तसंच. छपरावर चढलेला भोपळ्याचा वेल, मांडवावरचा घेवडा, कुंपणाला लागलेली काकडी, दाराशी दोडका, कारली, अळू. पाहुण्याला ती ‘जरा हिरवळ’ वाटते. जव्हार-मोखाड्यात ती हिरवळ नसते, ती ताटातली भाजी असते. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारं राज्य हादरलं होतं. त्यानंतर किती समित्या आल्या, किती योजना आल्या. २०१५ पासून अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि बाळंत बायांना एक वेळचं ताजं जेवण देणं सुरू झालं, ते चांगलंच. पण लेकराच्या भाताबरोबर रोज काहीतरी हिरवं पडावं, हे शेवटी त्या परसातल्या वेलांवर ठरतं. घेवड्याच्या शेंगा वेलावरच वाळू देऊन, बी राखेत घोळून पुढच्या वर्षासाठी जपून ठेवणारे हात बाईचेच असतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावठी बियाणी जपली. लोक त्यांना ‘बीजमाता’ म्हणू लागले, २०२० साली पद्मश्रीनेही त्यांचा गौरव झाला. तोवर तेही ‘काही नाही’च होतं ना?

अर्थात हे सारं वाचून कुणाला वाटेल, की किती सुंदर आयुष्य! गोधडी काय, पाखरं काय... तर तसंही नाही हं. नागली पिकायला लागली, की पोपट आणि मुनियांचे थवे शेतावर उतरतात आणि घरातलं कुणीतरी दिवसभर राखणीला बसतं. आपण दुर्बिणीतून ज्या पाखरांचं कौतुक करतो, त्यांनाच तिथे हाकारे घालून उडवावं लागतं. पाखरांवर राग नसतो. पण कणसातला दाणा मोजका असतो.

शिवाय हा निवांतपणा किती दिवसांचा? तो टिकून असतो विहिरीतल्या पाण्यावर. या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तरीही मार्च उलटला, की मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट बघणं सुरू होतं. डोंगर उताराचा, खडक पाणी धरत नाही, पडलेला पाऊस वाहून जातो. मुंबईकरांची तहान भागवणारं, २०१४ साली पूर्ण झालेलं मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात आहे. आपण मुंबईत नळ सोडतो, तेव्हा हे आठवायला काय हरकत आहे? हंड्यासाठी दोन-दोन तास गेले, की सुईला दोरा कुणी ओवायचा?

दुसरी गोष्ट त्याहून अवघड. कापणी झाली, दिवाळी आली-गेली, की कितीतरी घरांना कुलूप लागतं. आधीच उचल घेतलेली असते. भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर अख्खी कुटुंबं निघतात. ओटीवर शिवलेली ती गोधडी तेव्हा बोचक्यात सगळ्यांत वर बांधली जाते. भट्टीशेजारच्या खोपटात पौषाच्या थंडीत लेकरांवर तीच असते. परस मागे सुकतो. म्हणून त्या दुपारच्या शिवणाला ‘फावल्या वेळचं काम’ म्हणणं फार अपुरं आहे. ती पुढच्या सहा महिन्यांची तयारी असते.

रोजगार हमीचा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १९७७ साली. काम गावातच, वेळेवर आणि मजुरी हातात पडेल असं मिळालं, तर बोचकं बांधण्याची पाळी येणार नाही, किंवा निदान उशिरा येईल. पाड्याजवळ पाणी अडलं, उन्हाळ्यातही विहीर तळाला गेली नाही, तर परस माघातही हिरवा राहील. स्त्रीच्या ‘सक्षमीकरणा’वर आपण व्याख्यानं ऐकतो. जव्हार-मोखाड्यात त्याचा साधा अर्थ एवढाच घ्यावा, की भाद्रपदातली ती ओटीवरची दुपार तिला चैत्रातही मिळावी. मग त्या दुपारी तिने शिवावं, नाहीतर नुसतं पाखरांकडे बघत बसावं. तिची मर्जी!

आणि आपण काय करायचं? फार मोठं काही नको. या आठवड्यात घरातली जुनी गोधडी उन्हात घालाल, तेव्हा ती कुणी शिवली हे मुलांना सांगा. कुठला तुकडा कुणाच्या साडीचा, तेही सांगा. ठाऊक नसेल तर सासूबाईंना, मावशीला फोन करा आणि त्या सांगतील ते वहीत उतरवून ठेवा. बाजारात हातशिलाईची गोधडी घ्याल, तर घासाघीस करण्याआधी तिच्या टाक्यांची एक ओळ तरी मोजा. जनगणनेचा किंवा कुठल्याही पाहणीचा माणूस दारात येऊन ‘तुम्ही काय करता?’ असं विचारेल, तेव्हा ‘काही नाही, घरीच असते’ हे वाक्य तेवढं गिळून टाका. जे जे करता ते सगळं सांगा. त्याच्या कागदावर जागा पुरली नाही, तर ती अडचण त्याची.

दुपारची कामं उरकली असतील, तर खिडकीशी बसा जरा. कुंडीतल्या रुंद पानाकडे नीट बघा. तिथेही कुणीतरी शिवत बसलेली असेल.