कुलूप सभासदाच्या कागदांना घाला, संस्थेच्या हिशेबाला नको



संस्थेच्या वेबसाईटवर पासवर्डने उघडणारा वेगळा भाग करायचा, एवढे गेल्या बैठकीत ठरले. त्यात काय ठेवायचे यावर मात्र चहा थंड झाला तरी एकमत झाले नाही. समितीतल्या काहींचे म्हणणे, सगळेच आत टाका. हिशेब, ठराव, अनुदानाची यादी, सभेची नोटीससुद्धा. बाहेर फक्त फोटो आणि फोन नंबर. आम्हांला हे पटलेले नाही. सर्वसाधारण सभेत विषय येणारच आहे, त्याआधी इथे उघड लिहितो.

आधी आमची चूक. मागच्या वर्षी जाळ्यांच्या अनुदानासाठी अर्ज केलेल्यांची यादी आम्ही घाईघाईत पीडीएफ करून वेबसाईटवर चढवली. नाव, आधार क्रमांक, बँक खाते, मोबाईल, सगळे रकाने जसेच्या तसे. काही दिवसांनी मासळी विकणारी आमची एक सभासद कार्यालयात आली. तिच्या भाच्याने सहज म्हणून तिचे नाव गुगलवर टाकले, तर आपली यादीच वर आली. "बाब, माझे खाते सगळ्या गावाला दाखवायचे होते काय?" तिने विचारले. आम्ही काय सांगणार? यादी त्याच दिवशी काढली. पण त्याआधी कोणी उतरवून घेतली असेल, तर ती काही परत येत नाही.

हे आमच्यासारख्या लहान संस्थेतच होते असे नाही. 2017 साली बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीने चार सरकारी पोर्टलांचा अभ्यास केला. त्यांत रोजगार हमीचे आणि पेन्शन योजनेचे पोर्टल होते. तिथून मिळून 13 ते 13.5 कोटी आधार क्रमांक आणि सुमारे 10 कोटी बँक खाती उघडी पडली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. चोराने फोडलेले काही नव्हते. आमच्यासारखीच यादी करून टाकलेली होती.

त्यातली पेन्शनच्या पोर्टलची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. तिथे लॉगिन होते, म्हणजे दाराला कुलूप दिसत होते. पण वरच्या पत्त्यात 'नोलॉगिन' असा शब्द होता, तो बदलून कोणी 'लॉगिन' केला की पासवर्डशिवाय पूर्ण माहिती उघडत होती.

म्हणून वेबसाईट करणाऱ्या मुलाला आम्ही चार प्रश्न विचारले, ते तुम्हांलाही माहीत असू द्या. पान मेनूमध्ये दाखवले नाही म्हणजे ते लपले असे होत नाही, लिंक हातोहात फिरते. सर्च इंजिनला 'इकडे येऊ नको' सांगणारी फाईल असते, तीही पाटीच आहे, कुलूप नाही, आणि ती पाटी कोणीही वाचू शकतो. सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे: पानाला पासवर्ड असतो, पण त्या पानावरची पीडीएफ वेगळ्या फोल्डरात उघडी पडलेली असते. म्हणून कुलूप सर्व्हरवरच, पूर्ण फोल्डरला हवे. पासवर्डची फाईल त्या उघड्या फोल्डरांच्या बाहेर हवी. आणि पत्ता एचटीटीपीएसचा हवा, नाहीतर टाईप केलेला पासवर्ड वाटेत कोणीही वाचू शकतो. काम झाल्यावर तपासायची रीत सोपी आहे. दुसऱ्याच्या फोनवर, लॉगिन न करता, थेट पीडीएफची लिंक उघडून बघायची. उघडली तर पैसे देऊ नका.

आता वादाचा मुद्दा. कुलूप मजबूत झाले की माणसाला त्यात सगळेच ठेवावेसे वाटते. जत्रेला आपल्या शिरगावात घराचे दार पाहुण्यांसाठी उघडे असते, कपाटाची किल्ली मात्र घरच्यांकडे. आधार, खाते, पासबुकाची प्रत, कोणावर किती कर्ज थकले, आजारपणाच्या मदतीचा अर्ज, हे कपाटातले. ते कुलपात, आणि ज्याचे त्यालाच दिसावे. इतर सभासदांनासुद्धा नको. आधार तर पूर्ण ठेवायचेच कशाला? शेवटचे चार आकडे दिसणारे मास्क्ड आधार मिळते, तेच घ्यावे.

ऑडिट झालेला ताळेबंद, सभेची नोटीस, मंजूर ठराव, अनुदान कोणाला व किती मिळाले त्याची नावे, हे संस्थेचे आहे. ते बाहेरच राहिले पाहिजे. "माहितीच्या अधिकारात मागतील त्याला देऊ" असे एक सभासद म्हणाले. पण 2013 साली केरळच्या थलप्पलम सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारचा मोठा पैसा किंवा खरा ताबा नसेल, तर सहकारी संस्था माहितीच्या अधिकाराखाली सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. म्हणजे तो रस्ता प्रत्येकाला मिळेलच असे नाही. मग आपण स्वतःच दाखवले नाही तर सभासदाने बघायचे कुठे? होडीवर गेलेला माणूस कार्यालयाच्या वेळेत येऊ शकत नाही, आणि पासवर्ड विसरलेल्या म्हाताऱ्याला हिशेब दिसणारच नाही.

एका बाबतीत मात्र आम्ही मागे हटलो. बर्फाचा ठरलेला दर आणि व्यापाऱ्याशी चाललेली बोलणी बाहेर गेली तर भाव पडतो, हे समितीचे म्हणणे खरे आहे. व्यवहार पुरा होईपर्यंत ते आत राहू दे, नंतर बाहेर काढावे.

आणि किल्ली. सगळ्या समितीला मिळून एकच पासवर्ड, तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, हे आमच्याकडे आजवर चालले. यापुढे प्रत्येकाचे नाव वेगळे, पासवर्ड वेगळा. निवडणूक झाली की जुन्या समितीची नावे त्याच दिवशी बंद, सचिवाचेसुद्धा.

मागच्या यादीत ज्यांची नावे होती त्यांनी बँकेचा एसएमएस चालू आहे ना ते बघून घ्यावे, आणि ओटीपी विचारणारा फोन आला तर न बोलता ठेवून कार्यालयात कळवावे. कोणाकोणाची नावे होती ते फोन करून विचारा. यादी आता इथे पुन्हा टाकत नाही.

सचिव