लोहाऱ्याचे खनिज व वरोऱ्याचा कोळसा

हिवरा आश्रम येथे ज्या स्वामी विवेकानंदांच्या नावाने विद्यादान चालते, ते 1893 साली जपानहून अमेरिकेस जाताना जमशेटजी टाटा यांचे सहप्रवासी होते. 1898 च्या नोव्हेंबरात टाटांनी स्वामींस पत्र लिहून संशोधनसंस्थेच्या कामी एक जळजळीत पुस्तिका मागितली; छपाईचा खर्च आपण सोसू, असेही कळविले. लोखंडाच्या कारखान्याचा ध्यास घेतलेल्या गृहस्थाने संन्याशाकडे विद्येसाठी हाक घालावी, याचे मर्म आमच्या व्यापारी बंधूंनी ध्यानी घ्यावे.

टाटांची दृष्टी प्रथम वऱ्हाडाशेजारच्या चांद्याकडे वळली होती. 1882 साली तेथील लोखंडाविषयी फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे खनिज उत्तम, वरोऱ्यास कोळशाची खाण. मग अडले कोठे? कोळशातच. खनिजात लोखंड प्राणवायूशी जखडलेले असते; तो प्राणवायू काढून घेण्यास कार्बन लागतो. झोतभट्टीत तो कोकच्या रूपाने घालतात, आणि हा कोक वरचा सारा भार सोसूनही न चुरडणारा हवा. नाहीतर वारा कोंडून भट्टी गुदमरते. वरोऱ्याच्या कोळशाचा तसा कोक होईना. कारखाना अखेर दूर साकचीस गेला, व 1912 साली तेथे पोलाद निघाले.

आमचे लोक यास नशीब म्हणतात. आम्ही म्हणत नाही. आज कोक न होणाऱ्या कोळशानेही फिरत्या भट्टीत, सुमारे हजार अंशांवर, खनिजातील प्राणवायू काढता येतो. दगड वितळत नाही, सच्छिद्र होतो. मग विजेच्या भट्टीत त्याचे पोलाद करतात. चांद्याच्याच घुग्घुस येथे असे स्पंज लोखंड होते. कोळशाची जात बदलली नाही, माणसाचे ज्ञान वाढले.

आता गडचिरोलीत सुरजागडचा डोंगर खणला जात आहे. जंगल गेले, धूळ आली, ती माडिया गावांच्या वाट्यास. त्यांच्या मुलांच्या हाती केवळ पहारेकऱ्याची काठी येणार काय? 2015 च्या कायद्याने खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने झाली आहेत. नागपुरात धातुशास्त्र शिकविले जाते. त्या निधीतून या गावांतील मुलामुलींस धातुशास्त्राच्या शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. आणि भट्टीपाशी उभे राहणे हलके मानणाऱ्या आमच्या पांढरपेशा वर्गाने आपलीही मुले तेथे धाडावीत. कचेरीतल्या खुर्च्या काही वाढत नाहीत.