जॉनर ठरवायचा कुणी?

समजा, सोलापुरातल्या एखाद्या टीमने सिद्धेश्वर यात्रेवर गेम केला. बाराबंदी घातलेला मानकरी नंदीध्वज पेलत अडुसष्ट लिंगांच्या वाटेने निघाला आहे. तोल खेळणाऱ्याच्या बोटांवर, पुढे गर्दी, वर विजेच्या तारा. प्ले स्टोअर कॅटेगरी विचारते आणि निवडता येते एकच. स्पोर्ट्स म्हणावे तर स्पर्धा नाही. रेसिंग म्हणावे तर घाई केली की ध्वज कलंडतो. शेवटी ‘सिम्युलेशन’वर बोट ठेवून टीम मोकळी होते. मग ट्रक-बस चालवायला आलेला खेळाडू हा गेम उघडतो आणि वैतागून एक स्टार देऊन जातो.

जॉनर म्हणजे खेळणाऱ्याला दिलेला शब्द. तो द्यायचा कुणी, यावरच सगळा वाद आहे.

निर्मात्यांनी व्याख्या बांधून पाहिली आहे. १९८० च्या ‘रोग’ या गेमच्या वळणाचे गेम करणाऱ्यांनी २००८ मध्ये बर्लिनच्या परिषदेत निकष लिहून काढले : दर वेळी नवा नकाशा, मेलात की पहिल्यापासून, पाळीपाळीने चाल, चौकटींचा पट. त्याच वर्षी ‘स्पेलंकी’ आला. त्याने नकाशा आणि मरण ठेवले, पाळी सोडली, उड्या मारायला लावल्या. पुढे असल्या गेमांना ‘रोगलाइट’ हे नाव रुळले. ‘डूम’नंतर काही वर्षे त्या धाटणीचा प्रत्येक गेम ‘डूम क्लोन’ होता. ‘फर्स्ट पर्सन शूटर’ सगळ्यांच्या तोंडी नंतर बसले. नाव असे वापरातून ठरते, ठरावाने नाही.

कायद्याची वाटणी आणखी वेगळी. ऑनलाइन गेमिंगवरच्या २०२५ च्या केंद्रीय कायद्याने ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि पैशांचे गेम असे कप्पे केले. पैशांचा गेम ठरवताना कौशल्य की नशीब हा जुना प्रश्न बाजूला सारून पैसा लावला जातो का, एवढेच तो पाहतो. त्याचे तेवढ्यावर भागते, डिझायनरचे भागत नाही.

आपल्याकडचा घोळ निराळा. ‘पौराणिक गेम’ हा आपण जॉनर समजतो. तो विषय झाला. पुण्याच्या नॉडिंग हेड्सच्या ‘राजी’त (२०२०) पहाडी शैलीची चित्रे आहेत, कथा छायाबाहुल्या सांगतात. तरी त्याला ॲक्शन-ॲडव्हेंचर म्हणायचे ते भिंतीवरून धावत, खांबाभोवती गिरकी घेत केलेल्या वारांमुळे. देवी-देवता तशाच ठेवून वारांऐवजी नुसती कोडी घातली असती, तर जॉनर बदलला असता.

दुकान कप्पा देईल, नाव खेळाडू रुळवतील. खेळणाऱ्याच्या हाताला काय काम द्यायचे, हे मात्र तुम्हीच ठरवता. म्हणून यापुढे आमच्याकडे परीक्षणासाठी गेम पाठवताना जॉनरच्या रकान्यात एक वाक्य लिहा : खेळणारा सारखे काय करतो आणि चुकला तर काय गमावतो. ते वाक्य जमत नसेल, तर स्टोअरला बोल लावण्याआधी प्रोटोटाइप पुन्हा उघडा.