सातबाऱ्यावर नाव आहे, एवढ्याने भागत नाही



रांजणगाव व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती आणि चासकमान, घोड, खडकवासल्याच्या कालव्यांचे पाणी यांमुळे शिरूर-दौंडच्या जमिनींना भाव आला. व्यवहार वाढले, पण ‘सातबारा कोरा आहे’ एवढ्या भरवशावर इसार देण्याची सवय कायम आहे. ती मोडायला हवी. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 157 नुसार त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते. निव्वळ फेरफाराने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही वारंवार सांगितले आहे. मालकी येते ती नोंदणीकृत खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटप किंवा वारसा यांतून, आणि हक्काचा वाद मिटतो दिवाणी न्यायालयात.

म्हणून उताऱ्यावरच्या नावाशी न थांबता त्यापुढचा फेरफार क्रमांक पाहावा. तो फेरफार काढला की नाव खरेदीने लागले की वारसाने, हे कळते. वडिलांच्या पश्चात केवळ भावांची नावे लागली असतील, तर नोंद मंजूर झाली म्हणून बहिणींचा हिस्सा बुडत नाही. पुढे वाटपाचा दावा आला की खरेदीदारही कोर्टात ओढला जातो. ‘इतर अधिकार’ रकान्यात कुळाची नोंद, सोसायटीचा बोजा किंवा पुनर्वसनाचा शेरा असू शकतो. या दोन्ही तालुक्यांत धरणग्रस्तांना जमिनी दिल्या गेल्या आहेत. भूधारणा भोगवटादार वर्ग 2 असेल, तर विक्रीआधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते.

आता उतारा ऑनलाइन आणि डिजिटल सहीचा मिळतो, मग शंका कशाला, असे कोणी म्हणेल. ती सही नक्कल दप्तराशी जुळते एवढीच हमी देते. दप्तरातली चूक तिने दुरुस्त होत नाही. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. पण तो खर्च एकदाच होतो, दिवाणी दावा पिढ्यान्‌पिढ्या चालतो. शिवाय जुने फेरफार आणि सूची क्रमांक 2 गावातला शिकलेला तरुणही तपासू शकतो.

तहसील कार्यालयांनी वारसनोंदींचे चावडीवाचन नियमित करावे आणि दुय्यम निबंधक कार्यालयांनी खरेदीआधी तपासायच्या कागदांचा मराठी फलक दर्शनी भागात लावावा. वाचकांना विनंती एवढीच : फेरफार आणि मूळ दस्त वाचल्याशिवाय इसाराचा रुपयाही देऊ नका.

– एक वाचक, शिरूर