‘सोस थोडं’ कशाला?

आपल्या कर्जत-खालापूरकडेही आता शाळकरी मुलींच्या दातांना तारा दिसतात. छानच आहे. पण बचत गटाच्या कामाने घरोघरी जाते, तेव्हा एक वाक्य हमखास कानावर येतं, ‘दात सरळ हवेत ना, मग सोस थोडं!’

गाल आतून सोललेला, भाकरीचा घास चावता येत नाही, वर आमटीचं तिखट झोंबतं. पोरीने हे का म्हणून सोसायचं?

यावर उपाय अगदी साधा आहे. तारांसाठी खास मेण मिळतं. दातांच्या डॉक्टरांकडे मागा. दात घासून टोचणारी जागा स्वच्छ कापसाने कोरडी करायची. ओल्यावर मेण बसत नाही. वाटाण्याएवढी गोळी बोटांनी मळून तिथे दाबायची. जेवताना आणि दात घासताना काढायची, मग नवी लावायची. चुकून थोडं पोटात गेलं तरी घाबरू नका. घरातल्या मेणबत्तीचं मेण मात्र नको. जोडीला कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात.

मेणाने घासणं थांबतं, तुटलेली तार जुळत नाही. तार सुटून टोचत असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. खोपोलीहून कल्याणच्या डॉक्टरांकडे जायचं तर लोकलने अख्खा दिवस मोडतो. तोवर आधार म्हणून मेणाची डबी दप्तरात हवीच.

तारांवर आपण हजारो रुपये घालतो आणि मेण मागायला लाजतो! मैत्रिणींनो, मुलींना सोसायला नको, ‘दुखतंय’ म्हणायला शिकवू या.